कॅप्टन किती पाणी पिते

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या पेशंटला बोलता येत नाही आणि त्याला घेऊन येणाऱ्या माणसाला थांबता येत नाही. या दोघांच्या मधे बसून आजार शोधायचा, हा माझा धंदा.

मी जनावरांची डॉक्टर. माहेर फोंडाघाटचं, शेतकऱ्याचं. घरात गाई-म्हशी होत्या म्हणून या शिक्षणाकडे गेले आणि सगळी नोकरी याच जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत काढली. तेव्हा आमच्याकडे यायचे ते गाय, म्हैस, बैल आणि शेळ्या. कुत्रा आला तर तो कुणाला तरी चावलेला असायचा. मांजर घेऊन कुणी आलंच, तर रांगेतली माणसं त्याच्याकडे बघून हसायची. निवृत्त झाल्यावर कणकवलीतल्या आमच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत मी स्वतःचा दवाखाना थाटला, तोवर जग बदललं होतं. आता बाहेरच्या बाकावर पग असतो, लॅब्रॅडॉर असतो, चपट्या नाकाची पांढरी मांजर असते. एकदा तर मे महिन्यात एक गृहस्थ बर्फातला हस्की घेऊन आले आणि मला विचारलं, "हेका हयसर मानवात मां?" मी म्हटलं, "त्याला विचारा."

मदतीला शालिनी. सरकारी दवाखान्यातही ती माझ्याबरोबरच होती. जखमा धुणं, जनावर धरणं, डॉक्टर चिडल्या की लोकांना गोड बोलून बसवणं, ही तिची कामं. आम्ही दोघी एकाच वर्षी निवृत्त झालो. "घरात बसान काय करू?" म्हणाली आणि आली.

या धंद्यात सगळ्यांत अवघड काय, असं मला लोक विचारतात. त्यांना वाटतं मी म्हणेन चावणारा कुत्रा. चावणाऱ्या कुत्र्याला तोंड बांधता येतं. सगळ्यांत अवघड असतं ते बिल सांगणं.

सरकारी दवाखान्यात पिढ्यान् पिढ्या नाममात्र पैशांत जनावरं तपासून घेतलेला हा जिल्हा. त्यामुळे आकडा सांगितला की माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग कुत्र्याकडे. "माणसाक सुदा इतके लागनत नाय!" असं म्हणतो. खरं तर माणसाला जास्तच लागतात, पण तिथं सरकारी इस्पितळ असतं, विमा असतो, कुठलं ना कुठलं कार्ड असतं. कुत्र्याला कार्ड नाही. सलाइनची बाटली मात्र तीच, सुई तीच, हातमोजे तेच. भुलीचं औषध वजनावर द्यायचं, म्हणजे कुत्रा जेवढा थोर तेवढं बिल थोर. हे मी समजावून सांगते आणि लोकांना पटतंही. एक म्हातारी तर रिक्षाला दीडशे रुपये देऊन लंगडणारी कोंबडी घेऊन आली होती. माझी फी ऐकून म्हणाली, "कोंबडयेपेक्षा म्हाग पडली गो बाय, पण ती माज्या मांडयेर निजता." तिच्याकडून मी काही घेतलं नाही. तिनं दुसऱ्या आठवड्यात अंडी पाठवली.

पण एक गोष्ट मी वर्षानुवर्षं करत होते आणि ती कुणाच्या लक्षात येत नव्हती. समोरच्या माणसाचे कपडे, चपला, बोलणं बघून मी मनात ठरवायची की याला किती झेपेल. झेपणार नाही असं वाटलं, की महागाची तपासणी मी सुचवायचीच नाही. त्याच्यावर उपकार करतेय असं मला वाटायचं. ते उपकार नव्हते, हे मला ज्यांनी शिकवलं त्या इनासबाबांची आणि त्यांच्या कुत्रीची ही हकिकत.

इनासबाब म्हणजे मालवणच्या अलीकडे खाडीकाठच्या गावातले ख्रिस्ती गृहस्थ. उभा जन्म जहाजावर कूक म्हणून गेला. आता ते आणि त्यांची बायको मार्था, दोघंच घरी. मुलं नाहीत. बुटका, गोल, पायात रबरी चप्पल, आणि बारीकसारीक सगळं मोजायची सवय. चाळीस माणसांचं जेवण समुद्रावर मोजून करावं लागतं, कमी पडलं तर दुकान नसतं, असं ते म्हणायचे.

त्यांची कुत्री कॅप्टन. पिल्लू असताना पहिल्या लसीला आणलं तेव्हा मी उलटं करून बघितलं आणि म्हटलं, "इनासबाब, ही मादी आहे."

त्यांनी वाकून स्वतः बघून घेतलं. मग म्हणाले, "नाव ठेवलंय. आता बदलूक जमाचा नाय. बोटीचा नाव बदलला तर बोट रागावता."

तर ती कॅप्टन. तपकिरी, गावठी आणि कुठल्या तरी मोठ्या जातीच्या मिश्रणाची, तीस किलोंची, स्वभावानं शांत. आठ वर्षं तिची लस कधी चुकली नाही.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, एका सोमवारी, इनासबाब तिला घेऊन आले. त्या दिवशी बाकावर सात-आठजण होते. आत एक मांजर पंख्यावर चढायला बघत होतं. कॅप्टन येऊन फरशीवर पसरली.

"काय झालं?" मी विचारलं.

"तीन दिवस झाले, खाणा नाय बरोबर. पाणी मात्र खूप पिता." असं म्हणून त्यांनी खिशातून छोटी वही काढली. "ह्यां बघा. शुक्रवारी तीन तांबये. शनिवारी साडेचार. काल सहा आणि वर अर्धो."

मला हसू आलं. शालिनीलाही आलं. "इनासबाब, तुम्ही कुत्रीचे तांबे मोजता?"

"मोजूक होये. आदी दोनच पियत होती."

"उन्हाळा आहे हो. मी पण सहा तांबे पिते."

"तुमी खातास पण," ते म्हणाले. "ही खाणा नाय."

हे वाक्य मी तेव्हा कानावरून घालवलं. ताप बघितला, फारसा नव्हता. पोट चाचपलं, जरा भरल्यासारखं वाटलं, पण ती जाडच होती. रक्त तपासून घ्यावं असं मनात आलं. सोनोग्राफी करायची तर गोव्यात पाठवावं लागलं असतं. तिथं जायचं म्हणजे गाडी, तपासणीचे पैसे, पूर्ण दिवस. माझी नजर त्यांच्या रबरी चपलेवर गेली. मी म्हटलं, वय झालंय, उन्हानं भूक गेलीय. एक इंजेक्शन दिलं, यकृताचं टॉनिक लिहिलं, ताक पाजा म्हटलं.

विचारायचा होता एकच प्रश्न. मादी कुत्रीला, त्यातून मध्यमवयीन आणि ऑपरेशन न केलेल्या, विचारायलाच हवा असा. ही माजावर शेवटची कधी आली होती? माज संपल्यावर दीड-दोन महिन्यांनी काही कुत्र्यांच्या गर्भाशयात पू साचतो. तोंड उघडं असलं तर तो बाहेर येतो आणि घरच्यांना कळतं. तोंड बंद असलं तर बाहेरून काही दिसत नाही. कुत्री खात नाही आणि पाणी मात्र अतोनात पिते. हे मी दुसऱ्या वर्षाला शिकले होते. परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते.

इनासबाबांनी वही खिशात ठेवली, फी दिली, कॅप्टनला उठवलं. "बरा वाटात मां हिका?" त्यांनी दारातून विचारलं. "वाटेल, वाटेल," मी म्हटलं. तोवर दुसरा पेशंट टेबलावर होता.

शनिवारी फोंडाघाटला माझ्या भाच्याचं लग्न होतं. दवाखाना बंद ठेवला. जरीची साडी, केसांत भलामोठा गजरा, आणि फोन पर्समधे. बॅन्डवाल्यांनी कान फोडले होते. दुपारी पंगतीत बसल्यावर पर्स उघडली तर इनासबाबांचे सहा फोन येऊन गेलेले. मंडपाच्या मागं जाऊन फोन लावला.

"बाईंनू," ते म्हणाले, "सकाळी कॅप्टन उठणाच नाय. तुमी फोन उचलूक नाय, म्हणान शेजाऱ्याची गाडी केली आणि गोव्यात घेऊन गेलंव, मोठ्या दवाखान्यात. तेंनी फोटो काढलो पोटाचो. पिशयेत पू झालो म्हणतत. आजच्या आज काढूक होयो."

मी बॅन्डच्या आवाजापासून आणखी लांब गेले.

"थंयचो ऑपरेशन करणारो मोठो डॉक्टर रजेर आसा, सोमवारी येतलो. दुसरी जागा सांगली, ती आणखी दूर. चाळीस हजारांचो अंदाज दिलो. पैशे मी भरी होतंय. पण मार्था म्हणता, इतक्या लांब न्हेताना वाटेतच जातली ही. तेंनी सलाइन लावल्यानी, इंजेक्शना दिल्यानी, कागद दिल्यानी. आमी आता बांद्याक आसंव. तुमच्याकडे येतंव."

"या," मी म्हटलं. "सरळ घरी या."

पंगत सुटायच्या आधी पंगतीतून उठण्याचा अपमान मी माहेरच्यांचा केला, त्याबद्दल वहिनी अजून बोलते. भाच्याच्या मित्रानं गाडीनं कणकवलीला सोडलं. वाटेत शालिनीला फोन केला. मी पोहोचायच्या आधीच ती दवाखाना उघडून, टेबल धुऊन, हत्यारं उकळत ठेवून उभी होती.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. कुत्र्यांची नसबंदी मी शेकड्यांनी केली आहे. पण निरोगी गर्भाशय काढणं वेगळं आणि हे वेगळं. यात पिशवी पुवानं फुगलेली असते, भिंत कागदासारखी पातळ झालेली असते, आणि काढताना फुटली तर सगळा पू पोटात. शिवाय कुत्रीच्या अंगात विष भिनलेलं असतं, त्यामुळे भूल झेपेलच असं नाही. असं ऑपरेशन मी करून बरीच वर्षं झाली होती. माझ्याकडे हृदयाचे ठोके दाखवणारा पडदा नाही. पडद्याच्या जागी शालिनी आहे. ती कुत्र्याच्या छातीवर हात ठेवून मोठ्यानं श्वास मोजते.

तीनच्या सुमारास गाडी आली. कॅप्टनला चादरीतून उचलून आणलं. हिरड्या मळकट झालेल्या, डोळे खोल. माझ्याकडे बघून तिनं शेपटीचं टोक तेवढं हलवलं. त्या हलण्यानं मला जास्त लाज वाटली.

"इनासबाब," मी म्हटलं, "हे मला सोमवारीच कळायला हवं होतं. तुम्ही पाण्याचं सांगत होतात, आणि मी..."

"ता मगे," ते म्हणाले. "आदी हिका बघा."

मी त्यांना समजावून सांगितलं. आतापर्यंत मी दवाखान्यात नेहमी पुस्तकी मराठीत बोलायची, त्यानं डॉक्टर असल्यासारखं वाटतं. त्या दिवशी ते सुचेना. "थंय यंत्रा आसत, हयसर फक्त मी आणि शालिनी. टेबलार जावची भीती आसा. निम्मी निम्मी समजा. तरी करू?"

मार्थाबाय पहिल्यांदा बोलल्या. "कर गो बाय. तू तिका वळखतंस."

सही घेतली. इनासबाब म्हणाले, मी आत राहतो, जहाजावर डॉक्टर नसला की कूकच टाके घालतो, रक्ताची मला सवय आहे. मी म्हटलं, नाही. मालक आत असला की माझे हात मालकाकडे बघतात. मार्थाबाय बाहेरच्या बाकावर जपमाळ घेऊन बसल्या. इनासबाब व्हरांड्यात फेऱ्या मारायला लागले. तिसऱ्या फेरीला त्यांनी आत डोकं घालून विचारलं, "बाईंनू, तुमचा स्वयंपाकघर खंय आसा?"

"मागं. का?"

"हात मोकळे ऱ्हवले तर मी वेडो होतलंय."

"जा," मी म्हटलं. तेव्हा मी भुलीचं औषध सुईत भरत होते.

गजरा काढून शालिनीनं खिडकीत ठेवला. जरीच्या साडीवर एप्रन चढवला. कॅप्टनला भूल दिली, पोटाचे केस काढले, धुतलं, आणि पहिला छेद घेतला.

पिशवी दिसली तेव्हा शालिनीच्या तोंडून "आई गे" निघालं. सायकलची ट्यूब हवा भरून पोटात दुमडून ठेवावी तशी ती दोन्ही बाजूंनी फुगून बसली होती. मी दोन्ही हातांनी, तव्यावरून घावन उचलतात तशी, हळूहळू ती बाहेर घेतली. एका बाजूची रक्तवाहिनी बांधली. दुसऱ्या बाजूची बांधायला घेतली आणि शालिनीचं मोजणं मंदावलं.

"बारा," ती म्हणाली. मग बराच वेळ काही नाही. "दहा. बाईंनू, दहा झाले. वरवरचो श्वास घेता."

मी भूल थांबवली, सलाइन जोरात सोडायला सांगितलं, एक इंजेक्शन दिलं. मग करण्यासारखं काही उरलं नाही. पिशवी हातात धरून मी नुसती उभी राहिले. तेवढी मिनिटं मी मोजली नाहीत. त्याच वेळी मागच्या दारातून खोबऱ्याच्या वाटपाचा, कांदा परतल्याचा वास आत आला. लग्नाच्या पंगतीतून उपाशी उठलेली मी आणि घरचं जेवण अर्धवट टाकून आलेली शालिनी, दोघी त्या वासात, कुत्रीच्या छातीकडे बघत.

"बाईंनू," शालिनी हळूच म्हणाली, "वास काय बरो येता!"

आणि कॅप्टनचं नाक हललं. मी शपथेवर सांगते, हललं. शास्त्र सांगेल की इंजेक्शनचा गुण. असेल. मी इंजेक्शनचंच बिल लावलं. पण शालिनी अजून सगळ्यांना सांगते की कॅप्टनला अंड्याच्या रश्श्यानं परत आणलं.

"बारा," शालिनी मोजायला लागली. "चौदा. सोळा."

दुसरी बाजू बांधली, खालचं तोंड बांधलं, पिशवी न फुटता अख्खी बाहेर काढली. वजन केलं. अडीच किलोला थोडी कमी. टाके घालून झाले तेव्हा साडेपाच वाजले होते आणि माझ्या पाठीचा कणा आहे की नाही हे कळत नव्हतं.

मी बाहेर येऊन मान हलवली. मार्थाबायनी जपमाळ ओठांना लावली. इनासबाब स्वयंपाकघराच्या दारात हातात डाव घेऊन उभे होते. त्यांनी डाव खाली ठेवला, पुन्हा उचलला. शेवटी म्हणाले, "भात झालो आसा. मीठ बघतास?"

अंड्यांचा रस्सा, भात, कोकमाची कढी, आणि माझ्या फ्रीजमधल्या दोन वांग्यांचं काय केलं होतं ते मला आजतागायत जमलेलं नाही. आम्ही चौघं फरशीवर कॅप्टनच्या शेजारीच जेवायला बसलो. सहाच्या पुढे तिनं डोळे उघडले, इनासबाबांकडे बघितलं, आणि कण्हत त्यांच्या मांडीकडे सरकायला लागली. तेव्हा ते रडले. पुरुषमाणूस रडला की आम्ही ताटात बघतो, तसं बघितलं.

दोन दिवस तिच्यावर लक्ष ठेवायला हवं होतं, म्हणून ते दोघं आमच्याच घरी राहिले. रविवारी दुपारी आमचे यजमान काजूच्या बागेतून आले आणि आपल्या स्वयंपाकघरात एक परका गृहस्थ माशाला हळद लावतोय हे बघून दारातच थांबले. जेवल्यावर त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "आणखी दोन दिवस लागतील काय गं कुत्रीला?"

त्याच दुपारी मी केसपेपर लिहायला बसले. गोव्याहून आणलेली फाइल ऑपरेशनच्या आधी मी घाईत बघितली होती, रक्ताचा रिपोर्ट आणि सोनोग्राफी एवढंच. आता पहिलं पान वाचलं. तिथल्या तरुण डॉक्टरनं नीट अक्षरात सगळं लिहिलं होतं. आठ दिवस खाणं कमी. पाणी खूप. पुढच्या ओळीत: याआधी कुठेही उपचार नाहीत. मालकाकडून उशीर.

ती ओळ मी दोनदा वाचली. फाइल घेऊन स्वयंपाकघरात गेले. इनासबाब नारळ खवत होते.

"हे काय लिहिलंय?"

त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "काय?"

"आधी कुठेही उपचार नाहीत. सोमवारी तुम्ही माझ्याकडे आला होता."

ते खवतच राहिले. "तेना विचारल्यान, आदी कोणाक दाखवलास? मी म्हटलंय, कोणाक नाय. माझोच आळस."

"का?"

"तो तरणो डॉक्टर. तुमचा नाव लिहून घेतल्यान असता. मगे तो चार जणांत बोललो असतो, कणकवलीच्या त्या बाईंनी असा केल्यान." खवणीवरचा हात थांबला. "आठ वर्सां तुमी हिका सांभाळल्यात. एका दिसान ता पुसून टाकूचा?"

मी तिथंच पाटावर बसले. मग जे मनात होतं ते सगळं सांगितलं. वहीला हसले ते, प्रश्न विचारला नाही ते, आणि रक्ताची तपासणी, सोनोग्राफी का सुचवली नाही तेही. तुमच्या खिशाला झेपणार नाही असं मीच ठरवलं, हे सांगितलं.

आतापर्यंत न रागावलेला तो माणूस तेव्हा रागावला.

"माझो खिसो तुमी कशाक तपासल्यात?" ते म्हणाले. "कुत्र्याक तपासूचा होता. खिशाचा मी सांगतलंय. झेपला तर हो म्हणतलंय, नाय तर नाय. पण माका विचारा तरी!"

मार्थाबाय आतून म्हणाल्या, "आवाज हळू कर रे." ते पुन्हा खवायला लागले.

सोमवारी सकाळी कॅप्टन चार पावलं चालली आणि आमच्या तुळशीपाशी जाऊन लघवी केली. निघायची तयारी झाली. मी म्हटलं, बिल राहू दे. इनासबाब खुर्चीतच बसून राहिले. "फुकट केल्यात तर मी समजतलंय, डॉक्टरबाई घाबरली. मगे मी परत खंयच्या तोंडान येऊ?" मी बिल केलं, अकरा हजार. त्यांनी ते वरून खाली वाचलं. "गोव्यात चाळीस, हयसर अकरा. टाके कमी घातल्यात काय?"

"वांग्यांचे वजा केले," मी म्हटलं.

ते गेल्यावर मी गोव्याच्या त्या दवाखान्यात फोन लावला आणि त्या तरुण डॉक्टरला बोलावून घेतलं. शनिवारी कुत्रीला त्यानं सलाइन आणि औषधं देऊन पाठवलं नसतं, तर ती माझ्या टेबलापर्यंत पोहोचली नसती. ते आधी सांगितलं, आभार मानले. त्याला आनंद झाला. मग म्हटलं, "डॉक्टर, तुमच्या पेपरवर एक दुरुस्ती करायची आहे. याआधी उपचार झाले होते. माझ्याकडे. पाच दिवस आधी. मालकानं उशीर केलेला नाही."

मग त्यानं अगदी कामाच्या आवाजात विचारलं, "मग काय लिहू, मॅडम?"

"लिहा, पाणी वाढल्याचं मालकानं मोजून सांगितलं होतं. डॉक्टरनं ऐकलं नाही."

"मॅडम," तो चाचरत म्हणाला, "ऐकलं नाही याला आमच्या पेपरवर कॉलम नाही."

"मग समासात लिहा," मी म्हटलं.

त्यानं लिहिलं असावं. निदान पेनाचा आवाज मला ऐकू आला.

तेव्हापासून माझ्या दवाखान्यात रांग लांबते. मी प्रत्येकाला संपेपर्यंत बोलू देते, आणि मग दोन रस्ते सांगते, स्वस्तातला आणि महागातला, दोन्हींची किंमत आणि दोन्हींचा धोका. ठरवायचं त्यांनी. आश्चर्य म्हणजे ज्यांच्याबद्दल मला खात्री होती की हे नको म्हणतील, त्यांतले कितीतरी हो म्हणतात. आणि मोठ्या गाडीतून आलेले एक-दोघे स्वस्तातलं निवडतात. शालिनी कुरकुरते की जेवणाची वेळ टळते. टळते खरी.

कॅप्टनचे टाके दहाव्या दिवशी काढले. त्याच संध्याकाळी मी इनासबाबांना फोन करून गोव्याच्या डॉक्टरला काय सांगितलं ते कळवलं. इतके दिवस धीर झाला नव्हता.

ते खवळलेच. "कशाक सांगल्यात? आता तेका वाटतला मी खोटारडो!"

"आहातच तुम्ही."

पलीकडून हसू ऐकू आलं. मग मार्थाबायचं काहीतरी ओरडणं, भांडं पडल्याचा आवाज, आणि फरशीवर धावणारी नखं.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं. "कॅप्टन धावतेय? अजून आठवडाभर धावायचं नाही तिनं."

"धावणा नाय. मार्थाच्या ताटातलो बांगडो घेतल्यान, आणि खाटयेखाली गेली." मग त्यांनी हळूच विचारलं, "बाईंनू, तळलेला देऊ नको म्हणालेलात मां तुमी? महिनोभर?"

"म्हणाले होते."

"तर मगे," इनासबाब शांतपणे म्हणाले, "मी काय्येक बघूक नाय."